पारण्याचा वार

धुळाप्पा सर इतिहास शिकवायचे आणि अधूनमधून रजेवर जायचे. अशाच एका रजेत कॉलेजच्या बैठकीनं त्यांना पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कल्याणाचं प्रमुख केलं. परत आले तेव्हा टेबलावर अभिनंदनाचा हार होता. तो सुकला होता.

साठ सालानंतरची गोष्ट. उस्मानाबादेत एम.ए.चा वर्ग नुकताच निघालेला. कल्याण करायला पोरं एकूण सहा. राहायला कापसाचं जुनं गोदाम मिळालं होतं, पण खानावळ नव्हती. आणि वरून तंबी आलेली की परीक्षेआधी एक जरी पोरगा गळाला तर वर्गाला कुलूप. म्हणजे सरांनी कल्याण करायचं ते पोरांचं, पण कुणालाही गळू न देता, हे ओघानं आलंच.

सर गजराबाईंकडं गेले. गजराबाई भजनी मंडळाच्या प्रमुख. त्यांनी टाळ वाजवला की अर्धं गाव उठायचं, उरलेलं भीतीनं आधीच उठून बसलेलं असायचं. सरांनी विनंती केली की मंडळातल्या घरांनी पोरांना वार लावून द्यावेत, म्हणजे रोज एकेका घरानं जेवू घालावं. गजराबाईंनी दोन घटकांत सगळं ठरवून टाकलं. सर इतके खूश झाले की इतिहासात पहिल्यांदाच एखादा तह दोन्ही पक्षांनी न भांडता केला, असं त्यांनी वर्गात सांगितलं. पोरांनी लिहून घेतलं.

महिनाभरानं महारुद्र त्यांच्या खोलीत आला. येडशीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, आला तेव्हा दारातून त्याला आडवं व्हावं लागे. आता सरळ आला, तरी दोन्ही बाजूंनी जागा उरली. डोक्यावर ट्रंक होती.

"सर, म्या जातो गावाकडं."

सरांनी काय झालं विचारलं. महारुद्र भिडस्त होता, खाल्ल्या अन्नाला नाव ठेवायची त्याच्या घरात रीत नव्हती. त्यानं फक्त काय खाल्लं ते सांगितलं. सोमवारी भगर. मंगळवारी भगर, पण देवीची. गुरुवारी रताळं. शुक्रवारी साबुदाणा. शनिवारी शेंगदाण्याची आमटी, सोबत भगर. रविवारी खंडोबाचं म्हणून परत रताळं. बुधवार तेवढा मोकळा होता, तर त्या घरच्या म्हाताऱ्यांनी जावयाच्या नोकरीसाठी नेमका बुधवार धरला.

सरांच्या डोक्यात उजेड पडला. उपासाच्या दिवशी अन्नदान केलं की पुण्य दुप्पट, म्हणून प्रत्येक घरानं आपापल्या उपासाचाच वार दिला होता. आणि उपासाच्या घरात दुसरं शिजणार काय? सहाही पोरं सातही देवांचे उपास करत होती. त्यातला एक तर लिंगायत होता, त्यानं खंडोबाला नुसता लांबून नमस्कार केलेला. परवा महारुद्र वाचनालयात भोवळ येऊन पडला, तेव्हा दोन बायकांनी त्याच्या पायाला हात लावला होता.

ट्रंक खाली ठेवून दुपारपर्यंत थांब, असं महारुद्राला बजावून सर तडक गजराबाईंकडं निघाले. तो बुधवार होता.

दारातच त्यांना वास आला. पुरणाचा. आत तव्यावर पोळी फुगत होती, शेजारी कटाची आमटी उकळत होती. गजराबाईंच्या मंडळाचा उपास कडक. इतरांसारखा संध्याकाळी सुटायचा न्हाय, दुसऱ्या दिवशी सकाळी नैवेद्य दाखवून पारणं करायचं. सरांनी हळूच विचारलं की काल इथं जेवलेला पोरगा आज कुठं असेल. गजराबाई म्हणाल्या, दुसऱ्या घरी, त्यांच्या उपासाला.

म्हणजे पोरं महिनाभर पुरणपोळीच्या बरोबर एक दिवस पुढं पळत होती.

सरांनी पोरांचे हाल सांगितले. गजराबाईंनी पोळी उलटली आणि उपासानं कुणी मरत न्हाय, उलट जड बुद्धी हलकी होते, असं सांगितलं. आपला मंगळवार त्या सोडणार नव्हत्या. मंगळवार देवीचा होता आणि देवी त्यांची होती. सरांना कळलं की इथं दया चालणार नाही. त्यांनी आवाज एकदम अभ्यासपूर्ण केला.

"काकू, एक शंका होती. मंगळवारी तुमच्या घरी उपास तुम्ही करता. तो पोरगाही करतो. बरोबर?"

"व्हय."

"तुमचा आठवड्याला एक. त्याचे सात. महिनाभरात त्यानं केवढं पुण्य गाठीला बांधलं असेल? तेही आख्ख्या मंडळाच्या भगरीवर."

उलथनं हवेत थांबलं. तव्यावरची पोळी करपली, तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

"म्हंजे भगर आमची, आन् पुण्य त्या येडशीच्या पोराचं?"

सरांनी खेदानं मान हलवली. इतिहासात असं नेहमीच होत आलंय, असंही म्हणाले.

गजराबाईंनी चूल सुनेवर सोपवली आणि टाळ उचलला. दुपारच्या आत मंडळाचा ठराव झाला की इथून पुढं एकाही पोराला उपासाचा दाणा मिळणार न्हाय. पोरांनी यायचं ते पारण्याला, आणि तेही घरच्यांच्या आधी पानावर बसायचं. उपास आमचे आमी करू.

त्याच दुपारी महारुद्र ट्रंकेसकट गजराबाईंच्या ओसरीवर बसला. पहिल्या पोळीला त्यानं संशयानं बोट लावलं. मग तो जेवला. सर भिंतीला टेकून बघत राहिले. त्यांनी साम्राज्यं पडताना शिकवली होती, पण असं एखादं उभं राहताना कधी पाहिलं नव्हतं. गजराबाई वाढत होत्या आणि प्रत्येक पोळीबरोबर, खा, लई पुण्य केलंस, असं बजावत होत्या. ट्रंक त्यानं उघडली ती तिथंच, पुस्तक काढायला. मग डाव्या हातानं पानं उलटत आणखी दोन पोळ्या.

उन्हाळ्यात सहाही पोरं एसटीनं परीक्षेला गेली. गाडीत त्यांना आठ जणांची जागा पुरेना. निकाल लागला, सहाही पास, महारुद्र पहिल्या वर्गात. भजनी मंडळानं त्याची मिरवणूक काढली. पुढं टाळ घेऊन गजराबाई, मागं धुळाप्पा सर, गळ्यात ताजा हार.

वर्गाला कुलूप लागलं नाही. पुढच्या साली प्रवेशाला एवढी झुंबड उडाली की गोदामाला माळा बांधावा लागला. कुठला विषय घेणार, असं सर प्रत्येक पोराला विचारायचे.

निम्मी पोरं बुधवार म्हणाली.