काठावरचं डोकं

काकाच्या कारखान्यात सत्तेचाळीस डोकी होती आणि त्यांतलं एकही कधी उलट बोललं नाही. आमच्या घराण्यात हा गुण दुर्मीळ. म्हणून लहानपणी शाळा सुटली की मी आणि ताई घरी न जाता थेट तिकडे जायचो.

कारखाना म्हणायचा तो एकटा काकाच. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या त्या. पुढच्या खोलीत आरसा, काउंटर आणि काकू. मागच्या खोलीत वाफ आणि काका. काका हॅट करायचा. दाबलेल्या लोकरीच्या फेल्टचा तुकडा वाफेवर धरून मऊ करायचा, लाकडी डोक्यावर ओढून बसवायचा, कपाळाशी दोरीने आवळायचा आणि वाळेपर्यंत त्याच्याकडे संशयाने बघत राहायचा. ओल्या लोकरीचा आणि गरम लाकडाचा तो वास आजही कुठे आला तर मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं.

कायमच्या गिऱ्हाइकाचं डोकं काका लाकडात कोरून घ्यायचा आणि तळाला खडूने नाव घालायचा. दातवाला. बँडमास्तर. कुरकुऱ्या. दुसरा कुरकुऱ्या. आम्ही ती सगळी जमिनीवर ओळीत मांडून शाळा भरवायचो. ताई बाई आणि मी शिपाई, कारण विद्यार्थी व्हायला माझं डोकं लाकडाचं नाही, असं ताईचं म्हणणं. पुढे माझे निकाल बघून तिने हे मत बदललं. बँडमास्तर कायम कोपऱ्यात उभा असायचा. त्याने काय केलं होतं ते आता कोणालाच आठवत नाही, पण शिक्षा योग्यच असणार.

तयार माल मात्र पाच मापांत असायचा आणि ती मापं काकूची. हॅटच्या आतल्या पट्टीला ती रंगीत धाग्याचा एक टाका घालायची. बावन्न ते चोपन्न सेंटिमीटरचं डोकं पिवळं, चोपन्न ते छप्पन्न हिरवं, मग निळं, लाल आणि शेवटी साठ ते बासष्ट काळं. गिऱ्हाईक आलं की ती त्याच्या कानांच्या वरून टेप फिरवायची, आकडा मनात ठेवायची आणि फक्त रंग सांगायची. "निळे आहात." माणसं खूश होऊन जिना उतरायची. आपण निळे आहोत हे त्यांना तोवर कोणी सांगितलेलंच नसायचं.

कोणी बरोब्बर चोपन्न निघालं तर?

"काठावरचा वर," काकू म्हणायची. सैल हॅटमध्ये कागदाची घडी घालता येते; घट्ट हॅट घालून गेलेला माणूस घरी जाऊन भांडतो.

"पण सुरुवात बावन्नपासूनच का?" ताईने एकदा विचारलं होतं.

"कारण माझं डोकं बावन्न आहे. याहून लहान कोणी आलं की बघू."

कोणी आलं नाही. काका म्हणायचा, "डोकं एवढंसंच, पण माझ्या सगळ्या चुका बसतात त्यात. कोंबाव्याही लागत नाहीत."

काकूचंही लाकडी डोकं होतं, आणि सगळ्यांत जास्त राबलं तेच. लहान साच्याला कापडी पट्ट्या गुंडाळून तो मोठा करता येतो. मोठा तासून लहान केला की तो कायमचा गेला. त्यामुळे ज्याचं स्वतःचं लाकडी डोकं नसेल त्याची हॅट काकूच्या डोक्यावर पट्ट्या चढवून निघायची. "अर्धं गाव माझ्या डोक्यावर बसलंय," असं ती म्हणायची, आणि ते शब्दशः खरं होतं.

काकू गेली त्याला दोन वर्षं झाली. काकाच्या गुडघ्यांनी जिन्याशी बोलणं टाकलं, तेव्हा त्याने कारखाना बंद करून आमच्या घराच्या मागच्या खोलीत यायचं कबूल केलं. त्या खोलीत एकच फळी आहे. तिच्यावर पाच डोकी मावतात. सहावं बसवून बघताना मी ते स्वतःच्या पायावर पाडून घेतलं आहे, त्यामुळे याबाबत शंका नाही. बाकीची डोकी नाटक कंपनीचा सामानवाला नेणार होता.

"पाच कुठली ते तुम्ही ठरवा," काका म्हणाला. "शास्त्रशुद्ध. ताईच्या त्या सॉफ्टवेअरात घाला. मी ढवळाढवळ करणार नाही."

ताई आरोग्य खात्यात सांख्यिकीचं काम करते. लोकांची वयं, वजनं आणि रक्तदाब दिवसभर गटांत घालते. आमच्याशीही ती साधारण तशीच वागते.

काकाला काय हवं होतं ते उघड होतं. त्याला काकूचं डोकं हवं होतं. पण "हिचं ठेवा" हे तीन अक्षरांच्या पलीकडे त्याच्या आवाजाने निभावलं नसतं, आणि फक्त तिचं मागितलं तर बाकीच्या सेहेचाळीस जणांना काय वाटेल, हीही काळजी होती. म्हणून ते संगणकाने आपणहून म्हणावं, अशी त्याची इच्छा. इतकी शास्त्रशुद्ध इच्छा मी दुसरी पाहिलेली नाही.

जिना चढताना ताईने मला धरलं. "नियम साधा ठेवू. काकूचेच पाच गट घ्यायचे आणि प्रत्येक गटातलं सगळ्यांत लहान डोकं ठेवायचं, कारण पट्ट्या गुंडाळून त्याचं मोठं होतं. म्हणजे पिवळ्यात ती आपोआपच येते. लबाडी करायला नको."

"थोडी केली तर?"

"तुला जमत नाही. लहानपणी पण तू चोरलेला खडू तोंडात धरून यायचास."

मग मी डोकी मोजली आणि ताईने आकडे भरले. मोजताना मी प्रत्येकाची विचारपूस करत होतो, म्हणून वेळ लागला. दातवाला साडेबावन्न. कुरकुऱ्या सत्तावन्न, दुसरा कुरकुऱ्या सव्वा सत्तावन्न. कुरकुर मापानुसार वाढते का हे बघायला हवं, असं मी म्हटलं, त्यावर ताईने "नमुना लहान आहे" एवढंच उत्तर दिलं. बँडमास्तर बासष्ट, सगळ्यांत मोठा. काकूचं डोकं मोजायची वेळ आली तेव्हा काका आमच्याकडे पाठ करून किटली घासत होता. ती आधीच घासलेली होती.

"बावन्न," मी म्हटलं.

"ठाऊक आहे," काका किटलीला म्हणाला.

ताईने गटांच्या मर्यादा भरल्या: बावन्न, चोपन्न, छप्पन्न, अठ्ठावन्न, साठ, बासष्ट. एक बटण दाबलं. सॉफ्टवेअरने सगळी डोकी पाच गटांत घातली आणि प्रत्येक गटातलं लहानात लहान काढून दिलं. ताई वाचायला लागली, न बघता, कारण पहिलं नाव काय येणार ते तिला माहीत होतं.

"पिवळा गट," ती म्हणाली, मग तिने बघितलं. "दातवाला."

काका किटली घासायचा थांबला.

"बरं," तो म्हणाला. आमच्या घरात 'बरं' पुष्कळ तऱ्हांनी म्हणतात. ही तऱ्हा मी पहिल्यांदा ऐकली.

"काका, थांब जरा. काहीतरी…"

"नाही नाही. शास्त्र आहे. दातवाला माणूस चांगला होता. स्वभावाने गरीब." त्याने हात पुसले, काकूचं डोकं काखेत घेतलं आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत तो जिना उतरून गेला. खाली नाटक कंपनीची गाडी लागलेली होती. यादीतली पाच डोकी मी खोक्यात घातली; बाकीची सामानवाल्याने पोत्यांत भरून खाली नेली.

मी निघालोच होतो, पण ताईने माझी बाही धरली. "पाच गटांत किती किती डोकी आली, बेरीज कर."

"सहा, बारा, पंधरा, नऊ, चार. सेहेचाळीस."

"आणि आहेत सत्तेचाळीस. एक कुठंय?"

तिने सगळी यादी पडद्यावर आणली. प्रत्येक नावापुढे त्याचा गट होता. काकूच्या नावापुढे लिहिलं होतं: उपलब्ध नाही.

त्यात खोटं काही नव्हतं, पण संगणकाने असं तोंडावर सांगायची गरज नव्हती.

"याच्या मते काठावरचा खाली," ताई हळूच म्हणाली. "गटाची वरची मर्यादा धरतो, खालची सोडतो. चोपन्नवाला पिवळ्यातच राहतो. आणि बावन्नवाल्याला घ्यायला खाली गटच नाही."

"तू तर हे रोज वापरतेस."

"ऑफिसात मी सुरुवात जरा खालूनच घेते, म्हणून काठावर कोणी सापडत नाही. इथे म्हटलं, काकूची मर्यादा आहे, तिला हात लावायचा नाही."

"म्हणजे जिच्या डोक्यापासून मोजायला सुरुवात केली, तीच मोजण्यात नाही."

"तू काही न सांगितलंस तर ते असंच करतं," ताई म्हणाली. एखाद्या लांबच्या नातेवाइकाच्या खोडीबद्दल सांगावं तसं.

तिने नियम फिरवला. काठावरचा वर. पिवळ्या गटात पहिलं नाव काकूचं आलं. मात्र आता बँडमास्तर बासष्टच्या काठावरून पलीकडे पडला आणि उपलब्ध नाहीसा झाला.

"त्याला सवय आहे," मी म्हटलं.

"नको. बरीच वर्षं उभा केला त्याला," ताई म्हणाली आणि दोन्ही टोकं धरायला सांगून तिने त्यालाही आत घेतलं. मग खोकं उचलून आम्ही धावलो.

खाली सामानवाला पोत्यांची तोंडं बांधत होता. "एक लहान डोकं आलं का इकडे?" मी विचारलं.

"सगळी लहानच वाटतात मला. पण म्हातारबुवांनी काही दिलं नाही. ते तिकडे बसलेत."

तिकडे म्हणजे आमच्या गाडीत, मागच्या सीटवर. शेजारी काकूचं डोकं. त्याला सीटबेल्ट लावलेला होता. वर पिवळ्या टाक्याची करडी हॅट, किंचित कललेली, काकू घालायची तशी. काका समोर बघत होता. गाडी सुरू नाही हे त्याच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं.

"काका, हे काय?"

"तुमची पाच डोकी तुम्ही फळीवर लावा. मी मध्ये पडत नाही," काका म्हणाला. "ही फळीवर बसणार नाहीये."

"मग?"

"माझ्याबरोबर आलीय."

"आणि शास्त्र?"

"शास्त्राने फळीचं सांगितलं. गाडीचं कुठे काय सांगितलं?"

ताई खिडकीतून आत वाकली. "काका, चूक झाली होती. ती बरोब्बर काठावर होती ना, म्हणून गळली. आता घेतली. पिवळ्यात पहिली तीच आहे."

काकाने मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "काठावरचा वर, हे त्याला सांगितलं नव्हतंस?"

"आता सांगितलं."

"नवीन माणसाला आधी सांगावं लागतं. मलाही तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." त्याने हॅटची कड बोटाने साफ केली. तिच्यावर काही नव्हतं. "ऐकलंस का. जागा मिळाली तुला. रीतसर."

बाकीच्या चौघांबरोबर खोक्यात घालावं म्हणून मी सीटबेल्टकडे हात नेला. काकाने तो हलकेच बाजूला केला. "राहू दे. घरापर्यंत."

तिची जागा झाली म्हणून खोक्यातला दातवाला मला काढून द्यावा लागला. सामानवाल्याने तो हातात फिरवून बघितला. "राजा होईल का हा?"

"स्वभावाने गरीब आहे," मी म्हटलं. "पण प्रयत्न करेल."

गाडी ताईने चालवली. मी पुढे बसलो, मांडीवर चार डोक्यांचं खोकं घेऊन. फळीवर बँडमास्तरसाठी जागा नव्हती, पण सामानवाल्याला मी दोनदा बजावून आलो होतो की त्याला कोपऱ्यात ठेवू नका. गाडीभर जुन्या लोकरीचा वास पसरला होता. कुठलीशी वही घरी राहिल्यासारखं मला उगाच वाटत राहिलं.

पहिल्या वळणावर काकाने हात आडवा धरला, हॅट पडू नये म्हणून. वळण संपल्यावरही तो तसाच होता.