हिलरीची हिरवी चिठ्ठी

बहारीनमधल्या जुफैरला दोस्त लान्सीच्या फ्लॅटवर त्याच्या पोरीच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं, सोरपोतेलाचा, म्हणजे डुकराच्या झणझणीत रश्श्याचा, टोप समोर वाफाळत होता, आणि हिलरी तुस्कानो ताटात नुसता चमचा फिरवत बसला होता. आता हिलरी म्हणजे खाण्याच्या बाबतीत भिडस्त माणूस नव्हे. वसईहून कुणी लोणचं आणल्याचं नुसतं कानावर आलं, तरी हा गडी तीन मजले चढून हजर! आज मात्र खुर्चीत काटे असावेत तसा तो चुळबुळत होता. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता, रुमालाने बोटं पुसत होता. बोटांचा काजळीचा वास काही जात नव्हता.

कारण एवढंच, की दुपारी निघताना त्याने काम न करताच सहीची चिठ्ठी बांधली होती. बहारीनमधल्या चार वर्षांत पहिल्यांदाच.

हिलरी सित्र्याच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट फिटर होता. तिथला रिवाज असा, की गेज असो की व्हॉल्व्ह, साफ करून तपासला की फिटरने त्याला हिरवी चिठ्ठी बांधायची. तारीख, नाव, सही. चिठ्ठी दिसली की पुढचा माणूस डोळे झाकून हात घालणार. शिफ्ट सुटायच्या घाईत काही महाभाग आधी सही ठोकत आणि काम मागून उरकत. हिलरी त्यांना तोंडावर शिव्या घालायचा. 'अरे, तुझ्या सहीवर कुणाचा तरी हात जाईल!' असं ओरडायचा. म्हणून तर त्याच्या खात्याचे हॉपवूड साहेब कौतुकाने म्हणायचे, की हिलरीची चिठ्ठी म्हणजे चर्चमधली शपथ.

या हॉपवूड साहेबाला एक खूळ होतं. जुन्या धाटणीची, काळ्या दारूची पिस्तुलं. होती नव्याने बनवलेली, पण घडण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. पोलिसांचा परवाना काचेत मढवून भिंतीवर लावलेला. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी साहेब साखीरच्या रेतीत जाऊन डबे फोडायचे आणि हिलरी बरोबर असायचा. पिस्तुलाच्या गोल फिरणाऱ्या चाकीला सहा भोकं. प्रत्येकात बंदुकीची दारू मापून ओतायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची, तोंडाला चरबी लिंपायची, म्हणजे एका भोकाची आग शेजारच्यात शिरत नाही. मग मागच्या बाजूच्या निपलवर, म्हणजे बारीक नळीवर, ठिणगी पाडणारी एकेक तांब्याची टोपी चढवायची. घोडा टोपीवर आपटला की ठो! धूर असा, की क्षणभर समोरचा डबा काय, साहेबसुद्धा दिसत नाही. नेमाप्रमाणे पाचच भोकं भरायची आणि सहावं रिकामं ठेवून घोडा त्याच्यावर टेकवायचा.

गंमत नेम मारण्यात असेल साहेबाची, हिलरीची मात्र साफ करण्यात होती. ही काळी दारू मोठी वाईट. तिची काजळी लोखंड खाते, आणि बहारीनच्या दमट हवेत तर एका रात्रीत नळी लाल होते. म्हणून परतल्या परतल्या साहेबाच्या स्वयंपाकघरात महमूदचाचाकडून पातेलंभर पाणी उकळून घ्यायचं. पिस्तूल सुटं करून साबणाच्या पाण्यात घासायचं. कुजक्या अंड्यासारखा वास सुटायचा आणि चाचा नाकाला फडकं लावून म्हणायचा, "हिलऱ्या, तुझ्या या रश्श्याला कोथिंबीर टाकू काय?" मग भाग ओव्हनमध्ये सुकवायचे आणि मेंढीची चरबी नि मेण यांचा हात फिरवायचा. शेवटी घोड्याला हिरवी चिठ्ठी. रिफायनरीतला रिवाज साहेबांनी घरीही आणला होता.

महमूदचाचा खेडकडचा, साठीला टेकलेला, साहेबाचा आचारी. हिलरी एकटा राहतो म्हणून शुक्रवारचं जेवण चाचाच त्याला बांधून द्यायचा. जोसेफीन, हिलरीची बायको, वसईत होती. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, त्यातले दिवस मोजले तर शंभर भरले नसते. आता कुठे फॅमिली व्हिसाचा अर्ज साहेबाच्या टेबलावर पोचला होता. "उद्या शनिवारी सही करतो," साहेब म्हणाले होते.

आणि नेमका आज घोळ झाला. ॲबर्डीनहून साहेबाचा मित्र आलेला, त्यामुळे रेतीतून परतायला साडेबारा वाजले. खाली लान्सीची गाडी पों पों करत उभी. पाणी उकळायला वेळ नव्हता. हिलरीने ओल्या फडक्याने वरवर काजळी पुसली, चिठ्ठीवर सही ठोकली, घोड्याला बांधली आणि पिस्तूल पेटीत ठेवलं. संध्याकाळी येऊन घासू, कुणाला कळतंय?

"एवढ्यात झालं?" चाचाने विचारलं.

"झालं चाचा, झालं," म्हणत तो जिना उतरलासुद्धा.

म्हणजे आतापर्यंत त्याला भीती होती ती गंजाची. लान्सीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय रे, तोंड का पाडलंयस? साहेबाच्या बंदुकीची मजा सांग की जरा!"

सांगायला म्हटलं की हिलरीची कळी खुलते. तो उठलाच. "अरे, आज पाहुण्यासाठी साहेबाने सहाच्या सहा भोकं भरली. मी आपला डबे रचून बाजूला. साहेबाने हात लांब केला, असा. ठो! ठो! टक्! ठो! ठो! ठो!"

लोक हसले. हिलरी तसाच हात लांब करून उभा राहिला.

टक्.

कानाने ऐकलं होतं ते जिभेने आत्ता सांगितलं. एवढा वेळ डोक्यात नेहमीचे पाच होते, आणि पाच बार तर झालेच होते. पण भरली होती सहा! तिसरी टोपी फुटलीच नव्हती. या टोपीची खोड त्याला पाठ होती. नीट न बसलेली टोपी पहिल्या ठोक्याला नुसती आत सरकते, आणि दुसऱ्या ठोक्याला हमखास फुटते. गोळी अजून चाकीत होती. आणि वर त्याची सही होती, सगळं साफ असल्याची.

"माझ्या देवा," हिलरी पुटपुटला. 

कारण शुक्रवारी चहाला पाहुणे आले की साहेबाचा एक खेळ ठरलेला होता. चिठ्ठी सोडून सगळ्यांना दाखवायची, "हिलरीची सही आहे, काळजी नको," म्हणायचं, आणि ट्रे घेऊन आलेल्या महमूदचाचावर पिस्तूल रोखून चाप ओढायचा. टक्. की चाचाने "या अल्ला!" म्हणत छाती धरायची, गुडघ्यावर बसायचं, आणि ट्रेमधला एक थेंब सांडू द्यायचा नाही. पाहुण्यांची हसता हसता पुरेवाट. चाचाला वर बक्षिशी. हिलरीला हा खेळ कधी आवडला नव्हता, पण त्याची तक्रार एवढीच, की रिकामा घोडा आपटून निपल खराब होतात.

तो लान्सीच्या फोनकडे धावला. साहेबाच्या घरचा नंबर फिरवला, पलीकडून साहेबाच्या बायकोचा, मॅडमचा आवाज आला, मागे हशा. "हिलरी? तुझ्या चिठ्ठीचंच कौतुक चाललंय. काय हवं होतं?"

एक वाक्य बोलायचं होतं. एकच! मॅडम, ती भरलेली आहे. पण डोळ्यांसमोर आला तो टेबलावरचा अर्ज, त्यावरचा जोसेफीनचा फोटो, नवी साडी नेसून काढलेला. हिलरीच्या तोंडून निघालं, "मॅडम, माझा चष्मा राहिला का तिथे?"

चष्मा! हा माणूस चष्मा लावत नाही, कधी लावला नाही.

"विचारते हं," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग मात्र त्याला स्वतःची अशी काही किळस आली, की तो चपला पायात नीट न घालताच जिना उतरला. रस्त्यावर टॅक्सी मिळाली. "यल्ला, यल्ला! चल लवकर!" तो ड्रायव्हरच्या कानाशी ओरडत होता. साहेबाच्या घराकडे जाणाऱ्या सित्र्याच्या पुलावर कंपनीची बस पुढे होती आणि ती काही हलायचं नाव घेईना. हिलरी एकदा दाराचं हँडल धरी, एकदा गळ्यातला क्रूस. पळत जाऊ काय, असं दोनदा त्याच्या मनात आलं. देवा, चाचाला चहा करायला उशीर होऊ दे. साखर संपू दे. गॅस संपू दे. काहीही संपू दे.

साहेबाच्या दिवाणखान्यात तो घुसला तेव्हा चाचा ट्रे घेऊन दारात उभा होता, ओठ दाबून, हसू आवरत. साहेबाचा अंगठा घोड्यावर होता आणि घोडा अर्धा मागे आला होता. पाहुण्यांसमोर साहेब चष्मा लावत नसत. लावला असता, तर साफ केलेल्या चाकीवर नसायला हव्यात त्या सहा टोप्या त्यांना दिसल्या असत्या.

"साहेब, थांबा! चरबी लावायची राहिली!" हिलरी इंग्रजीत ओरडला आणि मधे जाऊन उभा राहिला. त्याने साहेबाच्या अंगठ्याखाली आपला अंगठा सरकवला, घोडा धरला, सावकाश खाली आणला.

साहेब खूश. "पाहिलंत? सुट्टीच्या दिवशी, पार्टी सोडून! अरे, या माणसाच्या बायकोच्या अर्जावर मी उद्या डोळे झाकून सही करणार आहे."

 पिस्तूल छातीशी धरून हिलरी स्वयंपाकघरात आला आणि दार लोटलं. आधी टोप्या काढल्या. चाकी सोडवली. तिसऱ्या भोकाचं निपल पिळून काढलं, पाणी ओतून दारू भिजवली, मागून सळई सरकवली. शिशाची गोळी टप्पकन सिंकमध्ये पडली.

सुटला! कुणी पाहिलं नव्हतं. गोळी खिशात, पिस्तूल पेटीत, अर्जावर सही. जोसेफीन पुढच्या महिन्यात विमानतळावर.

दार उघडून चाचा आत आला, रिकामा ट्रे हलवत. "आटप की रे लवकर! दोनदा मेलोय आज, पाहुण्यांचं समाधान नाही. तिसऱ्यांदा मर म्हणतात."

"दोनदा?"

"हो तर. दोनदा टक् झालं. तिसऱ्याला तू तडमडलास."

दोनदा. पहिलं भोक, दुसरं भोक. हिलरीने सिंकची कड घट्ट धरली. त्याला रडू फुटलं, अगदी पोरासारखं, आणि त्याने ओली गोळी तळहातावर ठेवून चाचासमोर धरली.

चाचा आधी हसला. मग गोळीकडे बघत राहिला. मग तांदळाच्या पोत्यावर बसला.

"मी चिठ्ठी बघून मरत होतो, हिलऱ्या," तो म्हणाला. "निवांत."

"चाचा, मला माफ करा. मी जेवायला पळालो. जेवायला!"

"साहेबाला सांगणार?"

"उद्या जोसेफीनच्या अर्जावर सही आहे."

"ते मला ठाऊक आहे," चाचा म्हणाला. तो उठला. त्याने किटली उतरवली, कप भरले, ट्रे लावला. शेवटची बशी रिकामी ठेवली, तिच्यात ती गोळी ठेवली आणि ट्रे हिलरीपुढे धरला. "आज चहा तू ने."

हिलरी ट्रे घेऊन निघाला. गोळी बशीत घरंगळत होती आणि तिचा बारीक आवाज साऱ्या दिवाणखान्याला ऐकू गेला असावा, कारण बोलणी थांबली. साहेबाने गमतीने बोट रोखलं, पिस्तूल रोखतात तसं. हिलरी गुडघ्यावर बसला नाही. त्याने बशी साहेबासमोर ठेवली, टेबलावर पडलेली आपली चिठ्ठी उचलून तिचे दोन तुकडे केले आणि बाजूला ठेवले.

"साहेब, ही आत होती," तो म्हणाला. "तिसऱ्या भोकात. मी साफ न करताच सही केली."

साहेबाचं बोट तसंच राहिलं. मग त्यांनी ते हळूहळू मिटलं, आणि दाराकडे, चाचा उभा असायचा त्या जागेकडे पाहिलं. 

शनिवारी अर्जावर सही झाली नाही. हिलरीकडून चिठ्ठ्यांचं बुक काढून घेतलं गेलं आणि त्याच्या कामावर त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान फिटर सही करू लागला. जोसेफीन आली ती पुढच्या वर्षीच्या नाताळानंतर. पेटी साहेबाच्या कपाटात गेली आणि कुलूप लागलं. महमूदचाचाने हिलरीला चार शुक्रवार जेवण दिलं नाही, पाचव्या शुक्रवारी दिलं.

आणि त्यानंतर चाचा चहा देताना कधी मेला नाही.