चौकची डोलकाठी आणि न सुटणारी गाठ

डोलकाठी उसनी देऊन मोटर मिळवायची, असा सौदा तुम्ही कधी ऐकलाय का, मित्रांनो? भाईंदरजवळच्या चौक गावच्या होडीवाल्या रॉक तांडेलानं तो मनातल्या मनात पक्का केला होता. साल १९७२. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होणार होती, झेंडावंदनाला तालुक्याचे मोठे साहेब येणार होते, आणि होडीला मोटर घ्यायला कर्ज कुणाला द्यायचं हे त्याच साहेबांच्या हातात होतं. झेंडा रॉकच्या काठीवर चढला की साहेब विचारणार, "काठी कुणाची?" लोक सांगणार, "रॉकची." साहेब नाव ध्यानात ठेवणार. आणि रॉकचं जाणार काय? काहीच नाही! पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढलेल्या, काठ्या उतरवलेल्या. नारळी पौर्णिमेला दर्या खुला होण्याआधी काठी परत घरी.

ती काठी म्हणजे मी. मी एक जुनी डोलकाठी आहे. रत्नागिरीकडच्या डोंगरात मी सरळसोट झाड होते. तोडून, तासून, गलबतावर आडवी घालून मला इथं आणलं. रॉकच्या बापानं मला माशाचं तेल पाजलं, होडीत उभं केलं, आणि मी शीड पेलायला शिकले. वारा भरला की सगळी होडी माझ्या जिवावर धावायची. पुढे गावात मोटरी आल्या. मोटरवाल्या होड्या आमच्या आधी बाजार गाठू लागल्या, तशी लोकांची माझ्यावरची नजर हटली. म्हणून झेंड्याचं कळलं तेव्हा मी अशी हरखले म्हणून सांगू! शीड खूप पेललं, पण देशाचा झेंडा? कुठल्या काठीला मिळतो तो?

शाळेसमोर खड्डा खणला. रॉकबरोबर खणायला सदू होता. सदू रत्नागिरीचा, मोटरींचा मेकॅनिक, पाच वर्षांपासून चौकमध्ये भाड्यानं राहणारा. दोघांचं एकमेकांशिवाय चालत नसे आणि एकमेकांशी पटतही नसे.

"परवा आलास नि गावचा झालास का रं?" रॉकनं फावडं मारत विचारलं.

"मी परवा आलो, पण माझं नाव सदू. तुझं नाव रॉक! मग परका कोण झाला?"

"मी काय नाव सांगून मासं धरतंय? माझा आजा याच दर्यात गेला."

"माझा आजोबापण दर्यातच गेला. फक्त जरा खालच्या अंगाला."

दोघं हसले आणि एकाच काडीवर दोन विड्या पेटल्या. मी रत्नागिरीची की चौकची, हे मला कुणी विचारलं नाही. बरंच झालं. मलाही सांगता आलं नसतं.

मला उभी केली, बुडाशी दगड ठासले. साहेबांना काठी चकाकताना दिसावी म्हणून रॉकनं मला वरपासून खालपर्यंत तेल चोळलं. शेवटी तिरंग्याची घडी घालून ती स्वतःच्या हातानं बांधली आणि दोरानं माझ्या शेंड्यावर चढवली. इथंच, मित्रांनो, घोटाळा झाला. झेंड्याची गाठ अशी हवी, की दोर ओढला की सुटली. रॉकच्या हातांना ती गाठ ठाऊकच नव्हती. दर्यावर ओढल्यावर सुटणारी गाठ बांधणारा माणूस घरी परत येत नाही. रॉकनं बांधली ती दर्यावरची गाठ : जितकी ओढाल तितकी आवळणारी.

पंधरा ऑगस्टची सकाळ. काय ती गर्दी! उत्तनहून, काशीगावाहून माणसं आली होती. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पोरं हातात कागदी झेंडे घेऊन. साहेब पुढे झाले, दोर ओढला. घडी हलली नाही. पुन्हा ओढला. गाठ आणखी आवळली. साहेबांनी तिसऱ्यांदा सगळं वजन टाकलं, तसा दोर माझ्या शेंड्यावरच्या कप्पीतून निसटून फटीत रुतला. आता झेंडा उघडेना आणि खालीही येईना!

रॉक चढायला धावला. पण तेल त्यानंच चोळलेलं! दोन हात वर गेला की चार हात खाली. त्याचा पांढरा सदरा तपकिरी झाला. मग सदूनं हात लावून पाहिला, तोही सुर्रकन खाली. पोरं खिदळली.

तेवढ्यात काशीमीऱ्याला हॉटेल चालवणारे धाकूशेठ मोठ्यानं म्हणाले, "छोडो तांडेल! तुझ्या काठीवर फिरंग्याचा झेंडा असता तर पटकन उघडला असता!"

हसणं थांबलं. फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या वेळचा बुरूज चौकच्या डोंगरावर अजून उभा आहे, रॉकसारखी ख्रिस्ती नावंही त्यांच्याच वेळेपासूनची, आणि ही दुखरी जागा गावात सगळ्यांना माहीत आहे. रॉकचा चेहरा उतरला. मोटरीचा हिशेब त्याच्या डोक्यातून गेला, हे मला तिथून, उंचावरून, स्वच्छ दिसलं.

उत्तर दिलं ते त्याच्या बायकोनं, गर्ट्रूडनं. "धाकूशेठ, तुझ्या हॉटेलात म्हावरं कुठून येतंय? फिरंग्यांच्या देशातून येतंय काय?"

धाकूशेठ पायांकडे बघू लागले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना पुढे भाईंदरला जायचं होतं. "आता राहू द्या," ते म्हणाले.

"काठी आडवी करतो," रॉक म्हणाला.

"बुडाचे दगड काढायला हवेत," सदू कुजबुजला. "त्याला तास जाईल. तशीच ओढलीस तर बूड फाटेल. मग दर्यावर काय नेशील?"

रॉकनं गर्ट्रूडकडे पाहिलं. काठी नाही तर होडी नाही, होडी नाही तर पाटीत मासा नाही. ती पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जाणारी तीच होती.

"बघतंस काय?" ती म्हणाली. "मोडंल तं मोडंल. ओढ!"

मग काय विचारता! दोर टाकले गेले, अख्खा चौक दोरांना लागला. "हय्या हो! हय्या!" मी झुकू लागले. खाली बायकांनी डोक्यावरच्या चुंबळी खांद्यांवर ठेवून रांग धरली, झेंडा जमिनीला लागू नये म्हणून. माझ्या बुडाशी कडाड् आवाज झाला. दुखलं का? खूप. पण त्याच क्षणी माझा शेंडा बायकांच्या खांद्यांवर टेकला होता आणि गर्ट्रूड दातांनी ती गाठ सोडत होती. सदूनं दोर पुन्हा कप्पीत बसवला.

"आता तू बांध रं," रॉक त्याला म्हणाला. "तू आवळलेलं काय पण असो, वाटेत सुटतंयच."

"मेल्या, मोटर आली की माझ्याकडेच येशील," सदू म्हणाला आणि त्यानं गाठ बांधली.

मला पुन्हा उभी केली. पण फाटक्या बुडावर मी उभी राहणार कशी? चारी बाजूंनी दोर ताणून माणसांनी मला धरलं. एका दोराला रॉक आणि सदू, दुसऱ्याला उत्तनची माणसं, तिसऱ्याला बायका, आणि चौथ्याला, कुणी न बोलावता, धाकूशेठ. साहेबांनी दोर हलकेच ओढला. झेंडा फडकन उघडला! राष्ट्रगीत सुरू झालं. सावधान उभे होते ते एकटे साहेब. बाकी सगळे पाय रोवून, मागे रेलून, दात आवळून गात होते, कारण कुणी दोर सोडला असता तर झेंडा सगळ्यांच्या डोक्यावर आला असता. मित्रांनो, शिडात भरलेला वारा मी आयुष्यभर सोसला, पण इतकी माणसं एका वेळी मला धरून उभी होती, ती तेवढीच एकदा.

माझं फाटलेलं बूड कापून टाकलं. होडीला मी तोकडी पडले, शाळेला मात्र पुरते. आजही दर पंधरा ऑगस्टला माझ्यावर झेंडा चढतो. तेवढी एक सकाळ सोडली तर मला बकऱ्या बांधतात, आणि तुमच्यातलेच काही जण कर्कटकानं माझ्यावर नावं कोरतात. नावं कोरू नका रे. माझ्यावर एकाचं नाव लागलं, की दोर धरलेल्या बाकीच्यांचं काय करायचं?

आता हिशेब. साहेबांनी भाषण दिलं. मोटरीचं आश्वासनही दिलं, आणि दिवाळीच्या आत त्यांची बदली झाली. धाकूशेठनी पेढे दिले, नव्या काठीला हातभार लावतो म्हणाले, आणि अजून त्यावर विचार करतायत. सदूनं रॉकला आपल्या ओळखीच्या होडीवर काम मिळवून दिलं. नारळी पौर्णिमेला सगळ्या होड्या दर्यात गेल्या, रॉकची वाळूवर राहिली. दसरा उलटून नवी काठी येईपर्यंत गर्ट्रूडनं दुसऱ्यांच्या माशांच्या पाट्या वाहिल्या.

शेजारच्या कॉनीनं तिला एकदा विचारलं, "झेंड्यापायी हंगाम घालवलास. काय मिळालं गं?"

गर्ट्रूडनं पाटी डोक्यावर चढवली. "देश आपला म्हटल्यावर खर्च कोण शेजारी करंल?" असं म्हणून ती बाजाराच्या वाटेला लागली.

झेंडा फडकला सगळ्यांचा, हंगाम गेला त्या दोघांचा.