बारा अंश

विषारी शिंपला खाल्ला की ओठ आधी बधिर होतात, मग जीभ.

शिंपल्यांचे दोर कापायचा कोयता ओला असला की मुठीतून निसटतो.

ठकीने लहानपणी दगड मारून दादाचा पुढचा दात पाडला होता. त्या फटीतून तो अजून शिट्टी मारतो.

बारा अंश.

दार लाथेने उघडलं. दादा कोयत्यासकट आत आला. ठकीची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली: सूक्ष्मदर्शक, हीटर आणि कपाटाएवढी गार पेटी. पेटीत खाडीच्या गाळाच्या बाटल्या होत्या आणि गाळात विषारी प्लवकांचे कोष, बियांसारखे निजलेले. ते उघडले की विष शिंपल्यांत उतरतं आणि काढणी बंद होते. खाडीचा तळ मोसमात बारा अंश असतो, म्हणून पेटीही बारावर.

"बंदी घालतेयस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"अख्खं बंदर. शिंपल्यांचे तराफे माझे, बहीण माझी, आणि मला कळतंय बर्फवाल्याकडून."

"दादा, आधी ऐकून घे."

"ऐकून ऐकून कान किटले, ठके."

त्याने कोयत्याने पेटीची वायर तोडली. ठिणग्या उडाल्या. ठकीने त्याचं मनगट धरलं, तर त्याने कोयत्याची मूठ तिच्या तोंडावर हाणली. जबड्यात काहीतरी मोडलं. जमिनीवर दात पडला.

"फिट्टंफाट," दादा म्हणाला.

तिने टेबलावरची बाटली फोडून त्याच्या मांडीत खुपसली. पेटीला खांदा लावून त्याने ती आडवी केली. गाळ, काचा, रक्त. "उगव आता काय उगवायचं ते," म्हणत तो लंगडत गेला.

जबडा तारांनी बांधून ठकी काही दिवसांनी परतली तेव्हा हीटर चालूच होता. एक बाटली न फुटता खिडकीखाली, हीटरजवळ घरंगळली होती. आतलं पाणी वीस अंशांवर होतं. तिने थेंब काचेवर घेतला. कोषांची रिकामी टरफलं. त्यांच्यामध्ये गरगर पोहणारे जीव, शेकड्यांनी.

तिने खाडीच्या खोल तळाचं तापमान मोजलं होतं. उथळ कडा मोजायची राहिली होती. दुपारी तिथलं पाणी विसापर्यंत तापतं. दादाचे तराफे तिथेच आहेत.

तोंड उघडत नव्हतं. तिने बंदी लिहून दिली.

त्या दिवशी दादाने दार लाथेने उघडलं तेव्हा ठकी त्यालाच फोन लावत होती, सांगायला: बारा अंशांवर एकही कोष उघडला नाही, खुशाल काढ.