घटाची माती

घट बसायच्या दिवशी सकाळीच धाकटी जाऊ मोनिका टोपली घेऊन रानात आली. चांगुणा तुरीत खुरपत होती. नवरा वारल्यापासून पाथर्डीकडचं हे कोरडवाहू रान ती एकटीच कसत होती. जावेच्या टोपलीत माती भरायला तिनं हात घातला, तशी मोनिका मागं सरली.

"आक्का, तुमी नका शिवू. घटाची माती सवाशिणीनंच घ्यायची, आत्याबाई म्हणल्यात."

चांगुणानं हात झटकले. खुरपं उचलून ती बांधावर जाऊन बसली आणि फडक्यातली भाकरी सोडली.

"बरं," घास मोडत ती म्हणाली, "पेरल्यापासून ह्या रानात माझाच हात हाय. माझा हात न लागलेली माती कुठं घावली, तर तेवढी ने."