ग्रेगचं दुसरं चित्र

नागपूरला कॉलेजात असताना अनुपची तीन व्यंगचित्रं वार्षिक अंकात छापून आली होती. तेवढ्या जोरावर ओहायोतल्या डब्लिनमध्ये त्याने दहा वर्षं 'मी मुळात आर्टिस्ट आहे, डेटाबेस पोटासाठी' असं सांगत काढली. त्यामुळे अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं झाली म्हणून गावच्या लायब्ररीने मेळा भरवायचं ठरवलं, आणि क्रांतीच्या काळातल्यासारखी व्यंगचित्रं कोण काढून देईल असं विचारलं, तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी त्याच्याकडेच बोट दाखवलं. आता नाही म्हणायची सोय नव्हती.

तीन आठवडे त्याने जुनी चित्रं पाहिली आणि घरात भाषणं दिली.

"त्या लोकांनी खुद्द राजाला सोडलं नाही, कमला! करवसुलीवाल्यांना डांबर फासून पिसं चिकटवलेली दाखवायचे. व्यंगचित्र म्हणजे सत्तेला न घाबरणं."

"बरं," त्याची बायको म्हणाली. "खोडरबर घेतलंस का?"

शनिवारी सकाळी मेळ्यातल्या त्याच्या स्टॉलवर पहिल्या आल्या शेजारच्या रत्नाकाकू. अनुपने चित्रात त्यांच्या डोक्यावर त्या काळचा हातभर उंच केसांचा टोप चढवला, त्यावर शिडाचं जहाज ठेवलं आणि खाली दोन हनुवट्या काढल्या. आपल्या धाडसावर तो खूश झाला. काकूंनी चित्र लांब धरून पाहिलं.

"अरे, तिसरी राहिली की," म्हणाल्या, आणि पोट धरून हसत बाजूच्या खुर्चीत बसल्या.

पुढचा माणूस समोर येऊन बसला. तो ग्रेग होता, अनुपच्या कंपनीतला डायरेक्टर. गेल्याच महिन्यात ग्रेगने टीममधली चार माणसं कमी केली होती, आणि अनुपच्या ग्रीन कार्डाचे कागद अजून कंपनीतच फिरत होते.

"मला राजा कर," ग्रेग म्हणाला.

व्यंगचित्रासाठी याहून सोयीचा चेहरा देवाने घडवला नसता. भरताच्या वांग्यासारखं नाक, गळ्यात उतरलेली हनुवटी, शर्टाच्या बटणांवर रेलणारं पोट. अनुपने पेन्सिल टेकवली. नाक सरळ आलं. हनुवटी कोरीव आली. पोट तर कागदावर आलंच नाही. मुकुट मात्र झकास जमला. ग्रेग बेहद्द खूश होऊन चित्र घेऊन गेला.

"रत्नाकाकूंना दोन हनुवट्या," शेजारी उभी असलेली कमला म्हणाली, "आणि याची लोंबती होती तीसुद्धा पुसून टाकलीस?"

"अगं, हुबेहूबपणा म्हणून एक गोष्ट असते..."

कमलाने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली. तिला चित्रकला येत नव्हती. पण दोन मिनिटांत तिने मुकुट घातलेला एक बूट काढला आणि त्या बुटापुढे हातात पेन्सिल घेऊन इतका वाकलेला अनुप, की त्याचा टोप घसरून बुटावर पडला होता. काकू हसून हसून खोकायला लागल्या. लायब्ररीवाल्या बाईंनी ते चित्र कौतुकाने स्टॉलच्या दर्शनी फळीवर टाचलं. अनुप 'नको' म्हणेपर्यंत चार टाचण्या लागल्याही होत्या.

आइस्क्रीम घेऊन ग्रेग परत तिथेच आला. वाकून त्याने फळीवरचं चित्र पाहिलं.

"हा बूट माझा आहे?"

अनुपने पेन्सिल खाली ठेवली. "हो," तो म्हणाला.

ग्रेग खुर्चीत बसला. "मग पुन्हा काढ. खरं काढ."

या वेळी नाक आलं, हनुवटी आली, पोट तर कागदाच्या कडेपर्यंत आलं. दहा वर्षांत काढलेलं ते त्याचं एकमेव चांगलं चित्र होतं. ग्रेगने ते पाहिलं. हसला नाही. "हं," एवढंच म्हणून घडी घातली, खिशात ठेवली आणि गेला.

रविवारभर अनुपने जुना रेझ्युमे नीट केला.

सोमवारी ग्रेगच्या केबिनमध्ये चित्र फ्रेम करून लावलेलं होतं. सरळ नाकाचं, कोरीव हनुवटीचं, मुकुटवालं, आणि खाली कोपऱ्यात अनुपची ठसठशीत सही. दिवसभर लोक येऊन विचारत होते, "हे तू काढलंस?" आणि तो मान डोलावत होता.

"काय झालं?" संध्याकाळी कमलाने विचारलं.

"लावलंय त्याने चित्र."

"कुठलं?"

अनुप म्हणाला, "आधी चहा टाक ना," आणि ती टाकेना म्हणून स्वतःच टाकायला गेला.