फ्रीजरमधलं अस्वल

वेंडेल हालवर्सनने छत्तीस वर्षं पगार घेऊन संशय घेतला होता. कॅनडातल्या कॅनोरा गावच्या धान्यकोठारावर तो तपासनीस होता. शेतकऱ्याचा ट्रक आला की त्यात लांब नळी खुपसायची आणि वर कोरडा नि तळाला ओला गहू तर नाही ना, ते बघायचं, हे त्याचं काम. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने नळी जमा करून घेतली. संशय जमा करून घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दूर दक्षिणेतल्या उबदार मेलाकेच्या समुद्रापासून दोन गल्ल्या आत, आपल्या हिवाळ्यातल्या घराच्या ओट्यावर पपई खाता खाता तो फोनमधल्या फोटोकडे बघून थबकला, तेव्हा त्याची बायको डोरीन अजिबात दचकली नाही.

"कुठंतरी पाणी मुरतंय," वेंडेल म्हणाला.

"कुठं?"

"कॅनोराला. आपल्या घरात. मी पेल्यावर पक्षी ठेवला होता. इथं अस्वल आहे."

पेल्याची भानगड हिवाळ्यापुरत्या आलेल्या कॅनेडियनांच्या त्या वस्तीतल्या अकराही घरांना ठाऊक होती. ऑक्टोबरात कॅनडातलं घर सोडताना पेलाभर पाण्याचा फ्रीजरमध्ये बर्फ करायचा आणि त्यावर एक नाणं ठेवायचं. मागे वीज गेली तर बर्फ वितळतो, नाणं बुडतं, आणि वीज परत आली तरी ते तळाशीच गोठून बसतं. वीज गेली म्हणजे घर तापवणारी भट्टी बंद. उणे पस्तीसमध्ये भट्टी बंद म्हणजे पाण्याचे पाईप गोठून फुटणार. विमावाल्यांची अट अशी की मालक नसताना घरावर कुणाची तरी नियमित नजर हवी, नाहीतर एक दमडी मिळणार नाही. वेंडेल आणि डोरीनकडे ते घर सोडलं तर विकण्यासारखं काहीही नव्हतं. मेलाकेचं घर भाड्याचं, वर्षाच्या कराराने घेतलेलं.

नजर ठेवायला शेजारची नेटी होती. वय एक्क्याऐंशी, नवरा वारलेला, स्वभाव टिकून. दर रविवारी ती तीन फोटो पाठवायची: भट्टीचा काटा, मोरी आणि पेला. अकरा वर्षांत एकदाही खाडा नाही. वेंडेलला तेही कधीकधी खटकायचं.

"मी एक डॉलरचं नाणं ठेवलं होतं, पाणपक्ष्याचं," तो म्हणाला. "हे दोन डॉलरचं आहे. पांढरं अस्वल."

"म्हणजे चोराने घरात शिरून तुला एक डॉलर जास्त दिला," डोरीन म्हणाली. "पोलिसांना कळव. पपई संपव आधी."

समोर राखणदार तेयो माडाच्या वाळक्या झावळ्या ओढत होता. उन्हाळ्यात ही सगळी मंडळी कॅनडाला परतली की अकराही घरांच्या किल्ल्या त्याच्याकडे असायच्या. वेंडेलने त्याला हाक मारली आणि फोन त्याच्या हातात दिला. तेयोने मोरीचा फोटो बराच वेळ बघितला. मग हात विजारीला पुसून दोन बोटांनी मोठा केला.

"डॉन वेंडेल," तो म्हणाला. तिथं 'डॉन' म्हणजे 'साहेब'. "या घरात माणूस राहतो."

"कशावरून?"

"घासणी बघा. चार महिने पडलेली घासणी पापडासारखी कडक होते. ही फुगलीय. सकाळीच भांडी घासलीत."

डोरीनने पपईची बी थुंकली आणि पुढची फोड उचलली.

पुढच्या रविवारी वेंडेलने नेटीकडून बैठकीच्या खोलीचा फोटो मागवला. कारण विचारलं तेव्हा 'घराची आठवण येते' असं कळवलं. नेटीने लगेच फोटो पाठवला, आणि वेंडेल तो घेऊन थेट तेयोच्या पहाऱ्याच्या टपरीवर गेला.

"उशा," तेयो म्हणाला. "मालकाच्या उशा कशाही लोळतात. दुसऱ्याच्या घरात राहणारा माणूस त्या मालकापेक्षा नीट लावतो. तिथंच फसतो बिचारा."

"बिचारा?"

"आणि हा रिमोट. टीव्हीच्या बरोबर समोर, सरळ रेषेत. तुम्ही असा ठेवता?"

"मी तो सोफ्यात हरवतो."

"बघा." तेयोने फोन परत दिला. "साबण किती उरलाय तेही विचारा. पण उपयोग नाही होणार. शहाणा असेल तर साबण आपला आणतो."

"तू पोलिसात जायला हवं होतंस रे."

"नको. तिथं फिरतीची नोकरी असते. मला एका जागी राहायला आवडतं."

वेंडेल भारावून घरी आला आणि त्याने डोरीनला सगळं शब्दशः सांगितलं. डोरीन डॉमिनोच्या सोंगट्या धूत होती. ती म्हणाली, "चोराच्या वाटा चोराला ठाऊक." वेंडेलला वाटलं, ती नेटीबद्दल बोलतेय.

त्या रात्री त्याने हिशेब जुळवला. नेटीने घर कुणाला तरी दिलंय. विमावाल्यांना कळलं तर विमा रद्द. नेटीला काढावं तर हिवाळ्याच्या मध्यात दुसरं कोण मिळणार? न काढावं तर घर कुणाच्या हातात आहे तेच माहीत नाही. खात्री हवी. तळाचा गहू वर आला पाहिजे. आणि मंगळवारी सकाळी सात वाजता त्याला नळी सापडली: त्याने स्वतःच्याच घरी फोन लावला.

तिसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

"हालवर्सन यांचं घर," नेटीचा आवाज म्हणाला.

"नेटी?"

"वेंडेल? इथं कशाला फोन केलास? घरी कुणी नाहीये."

"मग तू कोण?"

पलीकडे टोस्टरमधून पाव उडाल्याचा आवाज आला.

"मी नजर ठेवतेय," नेटी म्हणाली.

"सकाळी सात वाजता?"

"अरे, तूच सांगितलंस ना, रोज घर बघ म्हणून? या वयात बर्फावरून रोज जाऊन येऊन खुबा मोडून घेऊ का? मी गेलेच नाही परत. पहिल्याच वर्षी ठरवलं."

"अकरा वर्षं तू माझ्या घरात राहतेस?"

"फक्त हिवाळ्यात," नेटी जराशी दुखावून म्हणाली. "उन्हाळ्यात तुम्ही असता ना."

वेंडेल ओट्यावरच्या खुर्चीत बसला. "आणि तुझं घर?"

"त्यात लिडिया आहे. माझ्या घरावर कुणीतरी नजर नको ठेवायला? लिडियाच्या घरात तिचा दीर. दिराच्या घरात शाळेतले ते निवृत्त मास्तर. अख्खी गल्लीच हिवाळ्यात एकेक घर सरकते."

"म्हणजे शेवटचं घर रिकामं."

"हो. ते पाद्रीबाबांचं, टोकाचं. ते मास्तरांच्या घरात झोपतात आणि आपलं घर देवाच्या भरवशावर सोडतात. दरवर्षी पाईप फुटतात."

"आणि अस्वल?"

"कसलं अस्वल?"

"नाणं, नेटी. नाणं."

"अच्छा. तुझ्या फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर झाला होता, या महिन्याच्या सुरुवातीला साफ केला. तुझं नाणं कुठंतरी घरंगळलं, माझ्या पर्समध्ये होतं ते ठेवलं. मटारही टाकून दिलेत, जुने होते. आता एक सांग. अकरा वर्षं तुला कळलं नाही, यंदा कसं कळलं?"

"इथला राखणदार हुशार आहे. घासणी, उशा, रिमोट, सगळं त्याने ओळखलं."

फोनवर नेटीने पावाचा तुकडा मोडला, तो सावकाश चावला, गिळला.

"आणि उन्हाळ्यात तो कुठं राहतो?" तिने विचारलं.

वेंडेलने हे कधी विचारलंच नव्हतं. त्याने फोन ठेवला आणि उठून बैठकीत गेला. पहिल्यांदाच बघावं तसं त्याने स्वतःचं घर बघितलं. दर ऑक्टोबरात आलं की शेजाऱ्यांच्या गाद्यांना बुरशीचा वास यायचा, यांच्या गादीला उन्हाचा यायचा. वेंडेल ते आपल्या गादीच्या दर्जावर ढकलायचा. स्वयंपाकघरात जाऊन त्याने ताटल्या मोजल्या. सहा घेतल्या होत्या. सात होत्या.

"सातवी तीन वर्षांपासून आहे," मागून डोरीन म्हणाली. "बाकीच्या सहांपेक्षा बरी आहे."

"तुला माहीत होतं?"

"दारामागे उंचीच्या खुणा आहेत पेन्सिलीच्या. एक पोर दरवर्षी चार बोटं वाढतंय. आपल्यापैकी कुणी वाढतंय का?"

"कुंपणच शेत खातंय, डोरीन."

"खातंय, आणि शेत झाडून-पुसून परत देतंय. गेल्या सप्टेंबरच्या वादळात वस्तीतल्या दहा घरांत पाणी शिरलं. आपल्या घरात का नाही शिरलं?"

वेंडेलने त्या वेळी त्याचं श्रेय दाराच्या रबराला दिलं होतं.

पुढचे सहा आठवडे त्याने तेयोवर पाळत ठेवली. तेयोनेही ते ओळखलं आणि पाळत ठेवणं सोपं जावं म्हणून तो मुद्दाम ओट्यासमोरच काम करू लागला. वेंडेलने रिमोट तिरका ठेवून पाहिला. तेयो बल्ब बदलायला आत आला, तेव्हा त्याचा हात आपोआप रिमोटकडे गेला आणि मध्येच थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "सवय," तेयो म्हणाला, आणि बल्ब बदलून निघून गेला.

एप्रिल उजाडला. किल्ली कुणाला द्यायची हा प्रश्न वेंडेलने सगळ्या बाजूंनी उलटून पाहिला. दुसरा राखणदार आणला तर तो प्रामाणिक निघायचा, रात्री आपल्या घरी झोपायचा आणि सप्टेंबरात पाणी आत यायचं.

टॅक्सी दारात उभी राहिली तेव्हा वेंडेलने फ्रीजर उघडला. बर्फाचा पेला तयारच होता. तेयोच्या देखत त्याने त्यावर पाणपक्ष्याचं नाणं ठेवलं, फोटो काढला, दार लावलं आणि किल्ली पुढे केली.

तेयोने किल्ली घेतली नाही. तो फ्रीजरकडे बघत होता.

"डॉन वेंडेल, राग नका मानू. नाणं इथलं ठेवाल का?"

"का?"

"हे इथं मिळत नाही."

बाहेर टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला. वेंडेलने खिशात हात घातला, बराच वेळ चाचपलं आणि दुसरं पाणपक्ष्याचं नाणं काढून किल्लीबरोबर तेयोच्या तळहातावर ठेवलं.

"असू दे," तो म्हणाला. "अडीनडीला."

तेयोने नाणं दोन्ही बाजूंनी बघितलं, खिशात टाकलं आणि डोरीनची जड बॅग उचलली.

टॅक्सी वळणावर आली तशी डोरीनने नवऱ्याकडे निरखून बघितलं. "एवढा शहाणा कधीपासून झालास?"

"एका नाण्याच्या मागे मी खिळ्याने खूण केलीय. बदललं तर कळेल," वेंडेल म्हणाला.

"कुठल्या? पेल्यातल्या की त्याला दिलेल्या?"

वेंडेल विमानतळापर्यंत खिसे चाचपत राहिला. तेच तर त्याला आठवत नव्हतं.